म्हाताऱ्या गाडीचे दात

दसऱ्याच्या दिवशी आपल्याकडे घरोघर वाहनांची पूजा होते. सायकल असो, स्कूटर असो वा मोटार, तिला आंघोळ घातली जाते, नाकावर झेंडूचा हार चढतो, चाकाखाली लिंबू ठेवले जाते आणि कुंकवाचे स्वस्तिक उमटते. या पूजेत मान मिळतो तो गाडीच्या तोंडाला आणि चाकांना. फार झाले तर कोणी बॉनेट उघडून इंजिनावर दोन अक्षता टाकतो. परंतु इंजिन आणि चाके यांच्यामध्ये, पोटाखाली तेलात बुडून बसलेल्या त्या लोखंडी पेटीला कोणी हळदकुंकू वाहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. ती पेटी म्हणजे गिअरबॉक्स. गाडी तरुण असते तोवर तिचे अस्तित्व जाणवतही नाही. गाडी म्हातारी झाली, की घरातल्या आजोबांच्या दातांप्रमाणे तिचे दाते कुरकुरू लागतात, आणि मग साऱ्या घराचे लक्ष तिकडे लागते.

मोटारीचा इतिहास बहुधा कारखानदारांच्या बाजूने लिहिला जातो. अमुक साली अमुक गाडी निघाली, तिचा वेग इतका होता, किंमत इतकी होती, एवढे सांगून तो थांबतो. पण निघालेली गाडी पुढे तीस-चाळीस वर्षे चालती कोणी ठेवली? हा त्या इतिहासाचा उरलेला अर्धा भाग आहे. तो गॅरेजांतल्या काळ्या हातांनी लिहिला आणि कागदावर नसल्यामुळे बराचसा पुसूनही गेला. आज त्याची थोडी उजळणी करावी असा विचार आहे.

मुळात या पेटीची गरज काय? बैलगाडीला गिअर लागत नाही. चिखलात रुतलेली गाडी बैल उभ्या जागेवरून खांदा देऊन ओढतो. त्याची ताकद त्याच्या स्थिर पायांत असते. पेट्रोलच्या इंजिनाचे तसे नाही. ते फिरत असेल तरच त्याच्यात जोर. हळू फिरवले तर जोर कमी, आणि फारच हळू केले तर ते बंदच पडते. म्हणून इंजिन भरभर फिरावे आणि चाक मात्र सावकाश पण जोराने फिरावे, अशी काही तडजोड मध्ये करावी लागते. लहान चाकाने मोठे चाक फिरवले की वेग घटतो आणि जोर वाढतो. रहाटाला ठाऊक असलेले हेच तत्त्व गिअरबॉक्समध्ये आहे.

ही तडजोड किती आवश्यक आहे, हे जगाला प्रथम एका गृहिणीने दाखवून दिले. कार्ल बेंझ यांनी २९ जानेवारी १८८६ रोजी आपल्या तीनचाकी मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला खरा. परंतु लोकांना ते एक विचित्र खेळणे वाटे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्यांची पत्नी बर्था नवऱ्याला न सांगता, आपल्या दोन किशोरवयीन मुलांना बरोबर घेऊन, मानहाइमहून फोर्ट्‌सहाइमला माहेरी निघाली. अंतर शंभर किलोमीटरांहून थोडे अधिक. इंधनाची नळी तुंबली ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. वीस्लोखच्या औषधी दुकानातून इंधन म्हणून लिग्रोइन विकत घेतले. ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले तेव्हा वाटेतल्या चांभाराकडून त्यांना चामडे लावून घेतले. परंतु चढ आला की गाडीची मात्रा चालेना. मुले खाली उतरून ढकलत. घरी परतल्यावर तिने नवऱ्याला चढासाठी आणखी एक गिअर बसवण्यास सांगितले, आणि तो बसवला गेला. म्हणजे पहिल्या लांब प्रवासात दुरुस्ती, देखभाल आणि सुधारणा या तिन्ही गोष्टी बर्थाबाईंच्याच खात्यावर जमा आहेत.

पुढे १८९१ मध्ये फ्रान्समधील पानार व लव्हासोर यांच्या गाडीने इंजिन पुढे, मग क्लच, मग सरकत्या दात्यांची पेटी आणि मागे चाके अशी मांडणी केली. हीच मांडणी पुढे पाऊणशे वर्षे सर्वत्र चालली. एक दातेरी चाक दांड्यावर सरकवून दुसऱ्याच्या दात्यांत घुसवायचे, ही तिची पद्धत. दोन चाकांचा वेग जुळला तर ठीक. नाही तर असा करकराट होई की रस्त्यावरची कुत्री पळून जात. त्यातून ‘डबल क्लच’ची कला जन्मली. क्लच दाबून गिअर काढायचा, सोडून इंजिनाचा वेग जुळवायचा, पुन्हा दाबून दुसरा गिअर घालायचा, आणि हे सगळे क्षणार्धात, केवळ कानाच्या भरवशावर. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर आपली पहिली एस.टी. धावली. त्यानंतर घाटाघाटांतून चढलेल्या कित्येक चालकांच्या डाव्या पायात ही कला मुरलेली होती.

हेन्री फोर्ड यांनी मात्र निराळी वाट धरली होती. १९०८ ते १९२७ या काळात त्यांच्या ‘मॉडेल टी’ गाड्या दीड कोटींहून अधिक निघाल्या. तिच्यात दाते सरकवावे लागत नसत. ते कायम एकमेकांत गुंतलेले असत आणि पायांतल्या पट्ट्यांनी ड्रमवरचे सुती अस्तराचे पट्टे आवळून गिअर बदले. सोपे होते, पण पट्टे झिजत. शिवाय पेट्रोलची टाकी आसनाखाली असे आणि पेट्रोल केवळ उतारामुळे पुढे वाहत येई. मोठ्या चढावर ते इंजिनापर्यंत पोहोचेना. तेव्हा अमेरिकेतले शेतकरी गाडी उलटी फिरवून रिव्हर्समध्ये टेकडी चढवू लागले! उलट तोंडाने का होईना, पण वर पोहोचणे महत्त्वाचे, हे शहाणपण कोणत्याही माहितीपुस्तकाहून मोठे म्हटले पाहिजे.

करकराटावरचा खरा उतारा निघाला तो १९२८ मध्ये. अर्ल टॉमसन यांची सिंक्रोमेश योजना कॅडिलॅक गाडीत आली. दाते जुळण्यापूर्वी दोन शंकू एकमेकांना घासून वेग सारखा करतात, एवढीच युक्ती. हे घासण्याचे काम करते एक पितळी कडी. स्वतः झिजून ती दात्यांना वाचवते. घराघरांत अशी एखादी व्यक्ती असतेच. तिचे नाव कोणी घेत नाही आणि ती थकली की सारे घर करकरू लागते.

आता आपल्या देशाकडे येऊ. १९२८ मध्येच जनरल मोटर्सने मुंबईत गाड्यांच्या जुळणीचा कारखाना काढला. पण देशात सुटे भाग बनवण्याचा आग्रह सरकारने धरला, तेव्हा १९५४ मध्ये तो बंद झाला. मैदानात उरले ते इथले उद्योजक: १९४२ ची हिंदुस्थान मोटर्स आणि वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये उभारलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स. एकीची अँबॅसडर १९५७ पासून २०१४ पर्यंत निघत राहिली. दुसरीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० निघाली, आणि तीच पुढे ‘पद्मिनी’ झाली. आयात बंद, नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी. अशा दिवसांत जुनी गाडी टाकून देणे म्हणजे दुभती म्हैस विकून टाकण्यासारखे होते. आपल्याकडे दुरुस्तीची विद्या वाढली ती हौसेने नव्हे, टंचाईमुळे.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत बसलेल्यांना तो स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर आठवत असेल. चार गिअर, वरच्या तिघांना सिंक्रोमेश, पहिल्याला नाही. म्हणून अनुभवी टॅक्सीवाला गाडी पुरती थांबल्याखेरीज पहिला गिअर टाकत नसे. दांड्यापासून पेटीपर्यंत सळ्या आणि सांधे यांची लांब साखळी. तिच्यातले बूश झिजले की गिअर ‘सापडत’ नसे, आणि चालक अंधारात किल्ली शोधावी तसा दांडा फिरवीत राही. अशा वेळी पेटी उघडण्याची गरज नसे. चार बूश बदलले की म्हातारी पुन्हा तरुण. दुखणे पेटीत आहे की सांध्यांत, हे ओळखणे हीच खरी वैद्यकी.

या वैद्यकीचे काही नियम गॅरेजांत बसून मी गोळा केले आहेत. गाडी उभी, गिअर न्यूट्रलमध्ये, आणि क्लच दाबताच आवाज थांबला तर दोष पेटीतल्या बेअरिंगचा. क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला तर रिलीझ बेअरिंगचा. इंजिन ओरडते पण गाडी पळत नाही आणि जळका वास येतो, तर पेटी निर्दोष, क्लचप्लेट गेली. तेल काढले की ते दोन बोटांत चोळून पाहावे. करडी, मऊ भुकटी लागली तर ते वयाचे लक्षण. कण टोचले तर आतला एखादा दाता जागचा सुटला आहे. आणि तेल भरताना महाग तेच चांगले असे समजू नये. काही आधुनिक तेलांतील गंधकयुक्त द्रव्ये जुन्या पेटीतील पितळी कड्या खातात.

यातला एक नियम मला आंबा घाटाने शिकवला. १९८६ च्या मे महिन्यात आम्ही घरची जुनी मोटार घेऊन कोल्हापूरहून रत्नागिरीकडे निघालो होतो. गाडीचे कुळ सांगत नाही. म्हातारीची चहाडी कशाला? घाट उतरताना दुसरा गिअर आपोआप सुटू लागला. गिअर सुटला की इंजिनाची ओढ संपते आणि सारा भार ब्रेकवर येतो. वडील ब्रेक सांभाळीत होते, आणि मी शेजारी बसून गिअरचा दांडा दोन्ही हातांनी दाबून धरला होता. मागे आई अथर्वशीर्ष म्हणत होती. कसेबसे साखरप्याला पोहोचलो. तिथल्या वयस्क मिस्त्रींनी पेटी उतरवली. दांड्याला जागेवर धरणारी स्प्रिंग तुटलेली आणि एक बेअरिंग खिळखिळे झालेले.

वडील म्हणाले, “मिस्त्री, उघडलंच आहे तर हे झिजलेलं चाकही नवं टाका.”

मिस्त्रींनी मान हलवली. “नको साहेब. ही दोघं पंधरा वर्षं एकमेकांत फिरली आहेत. एकाला नवं आणलंत, तर दुसरं रडायला लागेल. बदलायचं तर जोडीनं बदला, नाहीतर दोघांना राहू द्या.”

पुढे एका अभियंत्याने मला समजावले, की यात भावनेचा भाग नाही. दोन चाकांचे दाते एकमेकांच्या झिजेनुसार आकार घेतात. त्यात नवा दाता आणला की तो अचूक असूनही बसत नाही. मिस्त्रींनी रत्नागिरीहून त्याच क्रमांकाचे बेअरिंग आणवले, एका जुन्या पेटीतली स्प्रिंग बसवली आणि जोडी तशीच ठेवली. ती गाडी पुढे नऊ वर्षे चालली. शेवटी ती गेली ती दात्यांमुळे नव्हे; तिचा पत्रा कोकणच्या खाऱ्या हवेने खाल्ला.

यावरून जुन्या गाडीविषयी एक गोष्ट ध्यानात येते. गिअरबॉक्स उघडता येतो, त्याचा प्रत्येक अवयव बदलता येतो. परंतु सांगाडा गंजला की उपाय खुंटतो. म्हणजे वय मोजायचे ते तारखेवरून नव्हे, तर तपासणीवरून. कायदा मात्र तारीख पाहतो. मुंबईतल्या टॅक्सींना २०१३ मध्ये वीस वर्षांची मर्यादा आली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली होती. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही गाडी टॅक्सी म्हणून रस्त्यावर दिसेनाशी झाली. दिवाळीच्या तोंडावर अनेकांना हळहळ वाटली. पण न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जुन्या इंजिनाचा धूर मुंबईच्या लेकरांच्या छातीत जात होता, आणि अपघातात प्रवाशाला वाचवण्याची सोय त्या गाडीत फारशी नव्हती. आठवणीसाठी एखादी गाडी जपणे निराळे, आणि रोज लाखो माणसे तिच्यात बसवणे निराळे. मला दुःख आहे ते गाडी गेल्याचे नाही. तिच्याबरोबर त्या कानांचे शिक्षणही जाते आहे, याचे आहे. ज्या मिस्त्रीला आवाजावरून बेअरिंग ओळखता येई, त्याच्यापाशी शिकायला आता मुलगा येत नाही, कारण शिकून पोट भरेल याची खात्री राहिली नाही.

आणि काळाची गंमत पाहा. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावर बेस्टची विजेवर चालणारी दुमजली बस आली. विजेच्या मोटरीला उभ्या जागेवरूनच पूर्ण जोर असतो, अगदी आपल्या बैलासारखा. त्यामुळे अशा बहुतेक गाड्यांत बदलायचे गिअरच नसतात. वेग कमी करून जोर वाढवणारी दात्यांची एकच जोडी पुरते. बर्थाबाईंनी चढावर मागितलेल्या त्या जास्तीच्या गिअरची कहाणी सव्वाशेहून अधिक वर्षांनी अशी आवरत आली आहे.

या पाडव्याला कोणा वाचकाच्या दारी नवी गाडी येईल आणि जुनी जाईल. ती जाण्यापूर्वी, जो मिस्त्री तिला इतकी वर्षे सांभाळत आला त्याच्याकडे फराळाचा डबा घेऊन अवश्य जावे. चकली पुढे ठेवावी, आणि तिचे कोणते दुखणे त्याने कसे ओळखले ते विचारावे. घरात शाळेत जाणारे मूल असेल तर त्याच्या हाती वही द्यावी. मिस्त्री सांगेल ते त्याने जसेच्या तसे उतरवून घ्यावे.