वारसा कर: ब्रिटनमधले शेतकरी सरकारवर का भडकले?

ब्रिटनमध्ये वारसा कर ४० टक्के आहे. (भारतात असा कर १९८५ पासून नाही.) पण बहुतेक शेतजमिनीला तिथे १९९२ पासून पूर्ण सूट होती.

३० ऑक्टोबर २०२४ च्या बजेटमध्ये अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी ती आवळली. एप्रिल २०२६ पासून १० लाख पौंडांच्या वरच्या शेतीमालमत्तेवर २० टक्के कर, दहा वर्षांच्या हप्त्यांत.

१० लाख पौंड म्हणजे गडगंजच की! पण तिथे जमीन महाग आणि शेतीतून सुटणारा पैसा बेताचा. कर भरायला शेताचा तुकडाच विकावा लागेल, ही भीती. नोव्हेंबरमध्ये हजारो शेतकरी लंडनमध्ये जमले, डिसेंबरमध्ये थेट ट्रॅक्टर घेऊन आले.

श्रीमंत लोक कर वाचवायला जमिनी घेतात, हे सरकारचं म्हणणं मात्र खोटं नव्हतं. टीव्ही स्टार जेरेमी क्लार्कसन यांनी स्वतःच पूर्वी तशी कबुली दिली होती. मोर्चात तेच पुढे!

मासा मोठा पकडायचा होता, जाळं मात्र सगळ्यांवर पडलं. एप्रिल २०२६ आधी मेलो तर मुलांचा कर वाचेल, असा हिशेब वयस्कर शेतकरी करतायत, हा मुद्दा संसदेतही निघाला.

अखेर डिसेंबर २०२५ मध्ये सरकारने मर्यादा २५ लाख पौंडांवर नेली. नवरा-बायको मिळून ५० लाख. हे पहिल्याच दिवशी करता आलं असतं.