गिल, कंवरपाल सिंग

गिल, कंवरपाल सिंग (२९ डिसेंबर १९३४ – २६ मे २०१७) : भारतीय पोलीस सेवेतील अधिकारी, पंजाबचे दोन वेळा पोलीस महासंचालक आणि पुढे भारतीय हॉकी महासंघाचे अध्यक्ष. के. पी. एस. गिल या नावानेच देश त्यांना ओळखतो. खलिस्तानी दहशतवाद मोडून काढणारा अधिकारी म्हणून वर्तमानपत्रांनी त्यांना ‘सुपरकॉप’ ठरवले. त्याच काळात बेपत्ता झालेल्या तरुणांच्या घरांत त्यांचे नाव शिवीसारखे घेतले गेले.

जन्म लुधियानाचा. १९५८ च्या तुकडीतून ते सेवेत आले आणि त्यांना आसाम-मेघालय केडर मिळाले. नोकरीची पहिली अडीच दशके ईशान्येत गेली. परदेशी नागरिकांच्या प्रश्नावर आसाम पेटले, तेव्हा ते तिथे वरिष्ठ पदावर होते. डिसेंबर १९७९ मध्ये खर्गेश्वर तालुकदार हा विद्यार्थी कार्यकर्ता मारला गेला. आसाम आंदोलन त्याला आपला पहिला हुतात्मा मानते. त्याच्या मृत्यूस गिल यांची मारहाण कारणीभूत ठरली, असा आरोप झाला. खटला दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ते निर्दोष सुटले. धडाकेबाज कारवाई, तिच्या मागोमाग गंभीर आरोप आणि सरकारचा भक्कम पाठिंबा हा पुढच्या सगळ्या कारकिर्दीचा क्रम आसामातच दिसू लागला होता.

१९८४ मध्ये ते पंजाबात परतले. सुवर्णमंदिरातील ‘ब्लू स्टार’ कारवाई, इंदिरा गांधींची हत्या आणि दिल्लीतील शीखविरोधी हत्याकांड या सगळ्यांचे ते वर्ष. १९८६ मध्ये मुंबईचे माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो पंजाबचे महासंचालक झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘ब्लू स्टार’च्या वेळचे लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य यांना पुण्यात गोळ्या घातल्या गेल्या. १९८८ मध्ये रिबेरो राज्यपालांचे सल्लागार झाले आणि महासंचालकपद गिल यांच्याकडे आले.

पद हाती आले आणि लगेच मे महिन्यात सुवर्णमंदिरातील अतिरेक्यांविरुद्धची ‘ब्लॅक थंडर’ कारवाई झाली. ९ मे रोजी सुवर्णमंदिराच्या आवारात अतिरेकी करत असलेली तटबंदी पाहायला गेलेले उपमहानिरीक्षक सरबदीपसिंग विर्क यांच्या जबड्यात गोळी लागली. (विर्क महाराष्ट्र केडरचे, पुढे ते पंजाबचे आणि नंतर महाराष्ट्राचेही पोलीस महासंचालक झाले.) या वेळी रणगाडे आणले नाहीत. राष्ट्रीय सुरक्षा दलाचे नेमबाज आसपासच्या उंच इमारतींवर बसवले, आवाराचे वीज-पाणी तोडले आणि अमृतसरच्या ऐन उन्हाळ्यात आतल्यांना तहानेने टेकीला आणले. पत्रकारांना समोरच्या गच्च्यांवरून सगळे पाहू दिले. ही खेळी बंदुकीइतकीच मोलाची होती, कारण ‘ब्लू स्टार’च्या वेळी पत्रकारांना बाहेर काढल्यामुळे अफवांना मोकळे रान मिळाले होते. १८ मे रोजी शेवटची तुकडी हात वर करून बाहेर आली. शरण आलेल्यांची संख्या दोनशेच्या घरात होती. मंदिराच्या गाभाऱ्यात (दरबार साहिब) दडलेल्यांनी तिथेच घाण केल्याचे उघड झाले आणि त्यांच्याभोवतीचे धार्मिक वलय बरेच उतरले. गिल यांच्या कारकिर्दीतील निर्विवाद म्हणता येईल असे यश हेच. त्याचे श्रेय मात्र सुरक्षा दल आणि जिल्हा प्रशासन यांच्याबरोबर वाटून घ्यावे लागते.

डिसेंबर १९९० मध्ये त्यांना पंजाबातून हलवण्यात आले आणि नोव्हेंबर १९९१ मध्ये परत आणले गेले. फेब्रुवारी १९९२ च्या निवडणुकीवर मुख्य अकाली गटांनी बहिष्कार घातला. जेमतेम चोवीस टक्के मतदान झाले आणि काँग्रेसचे बेअंतसिंग मुख्यमंत्री झाले. त्यांनी पोलिसांना मोकळा हात दिला. तोवर अंधार पडला की ठाण्याचे दार आतून लागायचे आणि गावांवर रात्री अतिरेक्यांचे राज्य असायचे. गिल यांनी रात्रीची गस्त सुरू केली, लष्कराला नाकाबंदीच्या कामाला लावले आणि विशेष पोलीस अधिकाऱ्यांची मोठी भरती केली. ते स्वतः रात्री-अपरात्री ठाण्यांवर जाऊन उभे राहत. अतिरेक्यांनी उलट पोलिसांच्या घरांवर हल्ले केले. आईबाप, बायका, मुले मारली. पोलीस दलात बहुसंख्य शीखच होते. त्यामुळे हा शिखांविरुद्धचा लढा नाही, हे गिल यांचे म्हणणे सहज फेटाळता येत नाही.

१९९१ मध्ये पंजाबात २५९१ सामान्य नागरिक मारले गेले होते. १९९३ मध्ये हा आकडा ४८ वर आला. हे आकडे सर्वत्र दिले जातात, पण ते ज्या संकेतस्थळावरून घेतले जातात ते गिल यांनीच १९९७ मध्ये स्थापन केलेली संस्था चालवते, हे क्वचितच सांगितले जाते. अर्थात हिंसा ओसरली यात शंका नाही. जानेवारी १९९३ च्या पंचायत निवडणुकांना लोक रांगा लावून गेले.

ही हिंसा कशी ओसरली, हा वादाचा मुद्दा आहे. अतिरेक्यांच्या डोक्यावर बक्षिसे होती, त्यांतली काही जाहीर तर काही हातोहात दिली जाणारी. फितूर अतिरेक्यांचा पोलीस वापर करत; पंजाबात त्यांना ‘कॅट’ म्हणत. चकमकींच्या बातम्या एकाच साच्याच्या असत : शस्त्रे दाखवायला नेलेल्या कैद्याच्या साथीदारांनी गोळीबार केला आणि त्यात कैदी ठार झाला.

बँकेत काम करणारे जसवंतसिंग खालडा बेपत्ता सहकाऱ्यांचा माग काढत अमृतसरच्या स्मशानापर्यंत पोहोचले. पोलिसांनी ‘लावारिस’ म्हणून आणलेल्या प्रेतांच्या नोंदी नगरपालिकेच्या वह्यांत होत्या. जाळायला लागलेल्या लाकडांचा खर्चही त्यांत टिपलेला होता. काही नोंदींत नाव आणि गावही होते, म्हणजे पोलिसांना ओळख ठाऊक असूनही घरच्यांना कळवलेले नव्हते. ठाणी खोटे लिहू शकत होती. लाकडाचा हिशेब ठेवणाऱ्या कारकुनाला तसे करण्याचे कारण नव्हते. ६ सप्टेंबर १९९५ रोजी खालडा यांनाच अमृतसरच्या राहत्या घराजवळून उचलले गेले. ते परत आले नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआयने तपास केला. एकट्या अमृतसर जिल्ह्यातील तीन स्मशानांत २०९७ बेकायदा अंत्यविधी आढळले. त्यांपैकी ५८५ प्रेतांची ओळख पूर्ण पटली, २७४ जणांची अर्धवट पटली आणि १२३८ जण अनोळखीच राहिले. प्रकरण राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे गेले आणि वारसांना भरपाई मिळाली. जबाबदारी मात्र वरपर्यंत पोहोचली नाही. खालडा यांच्या अपहरण आणि हत्येबद्दल २००५ मध्ये सहा पोलिसांना शिक्षा झाली. कोठडीतील खालडांना गिल भेटले होते, असे एका साक्षीदाराने न्यायालयात सांगितले. गिल यांच्यावर आरोपपत्र कधीच दाखल झाले नाही. याच प्रकरणातील एक आरोपी, तरनतारनचे माजी वरिष्ठ अधीक्षक अजितसिंग संधू यांनी १९९७ मध्ये रेल्वेखाली आत्महत्या केली. तेव्हा गिल यांनी पंतप्रधान इंद्रकुमार गुजराल यांना पत्र लिहून, देशासाठी लढलेल्या पोलिसांना खटल्यांत भरडले जात असल्याचा निषेध केला.

न्यायालयात गिल यांच्यावर सिद्ध झालेला गुन्हा वेगळाच होता. १८ जुलै १९८८ रोजी चंदीगडमध्ये गृहसचिवांच्या घरी मेजवानी होती. अर्धवर्तुळात मांडलेल्या खुर्च्यांवर बायका बसल्या होत्या. ज्येष्ठ आयएएस अधिकारी रूपन देओल बजाज यांच्यासमोर गिल अगदी खेटून उभे राहिले आणि आपल्याबरोबर चलण्यास सांगू लागले. त्या खुर्ची मागे सारून निघाल्या, तेव्हा गिल यांनी त्यांच्या पार्श्वभागावर चापट मारली. वरिष्ठांनी बजाज यांना गप्प राहण्याचा सल्ला दिला. तरीही बजाज यांनी फिर्याद दिली. १९८९ मध्ये उच्च न्यायालयाने कृत्य क्षुल्लक ठरवून ती रद्द केली. त्याच वर्षी गिल यांना पद्मश्री मिळाली होती. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खटला पुन्हा उभा केला आणि १९९६ मध्ये विनयभंगाबद्दल तीन महिन्यांची शिक्षा झाली. अपिलात तुरुंगवास टळून दंड वाढला. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी कायम ठेवली. बजाज यांनी भरपाई नाकारली. सतरा वर्षे त्या लढल्या, आणि राज्यातील सर्वांत बलाढ्य पोलीस अधिकाऱ्याविरुद्ध निकाल लागला तो त्यांच्याच चिकाटीने. सरकारने त्यांना साथ दिली नाही.

३१ ऑगस्ट १९९५ रोजी मानवी बॉम्बने बेअंतसिंगांचा बळी घेतला. वर्षअखेरीस गिल निवृत्त झाले. दहशतवाद संपल्याची ग्वाही देणाऱ्या महासंचालकाच्या कारकिर्दीच्या अखेरीस खुद्द मुख्यमंत्री सचिवालयाच्या दारात मारले गेले होते.

हॉकी महासंघाचे अध्यक्षपद गिल यांच्याकडे १९९४ पासून होते. तिथेही कारभार पोलिसी खाक्याचा. १९९८ मध्ये बँकॉकला भारताने बत्तीस वर्षांनी आशियाई सुवर्ण जिंकले. त्या संघाचा कर्णधार, खडकीचा धनराज पिल्ले, काही सहकाऱ्यांसह पुढच्याच मालिकेतून वगळला गेला. मार्च २००८ मध्ये भारत ऑलिंपिकसाठी पात्र ठरू शकला नाही. हे पूर्वी कधी घडले नव्हते. पुढच्याच महिन्यात महासंघाचे सचिव लाचेच्या छुप्या चित्रणात सापडले आणि भारतीय ऑलिंपिक संघटनेने महासंघ निलंबित केला. पंजाबात उपयोगी पडलेली हुकमत हॉकीच्या मुळावर आली.

२००२ च्या दंगलीनंतर ते गुजरात सरकारचे आणि २००६ मध्ये छत्तीसगढ सरकारचे सुरक्षा सल्लागार होते. दोन्हीकडे मुक्काम थोडाच. ‘द नाइट्स ऑफ फॉल्सहुड’ (१९९७) हे त्यांचे पुस्तक धर्माच्या राजकीय वापराची झडती घेते. दिल्लीच्या सर गंगाराम रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्यानंतरही मोहालीच्या विशेष सीबीआय न्यायालयात १९९० च्या दशकातील बनावट चकमकींचे निकाल लागत राहिले आणि सत्तरीपुढचे निवृत्त फौजदार, निरीक्षक जन्मठेपेवर गेले. त्यांपैकी एकाही खटल्यात गिल आरोपी नव्हते.