मुंबईच्या संसाराचा जमाखर्च

भगिनींनो, इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, लढाया आणि तहनामे येतात. स्वयंपाकघराच्या फळीवरील हिशेबाची वही कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. तथापि मुंबईसारख्या अफाट शहरात लक्षावधी माणसे कशी जगली, हे समजून घ्यावयाचे तर त्या वहीकडेच वळावे लागते.

पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत महागाई भडकली आणि गिरण्यांत संप होऊ लागले. कामगाराला जगावयास लागते तरी किती, हा प्रश्न सरकारलाही टाळता येईना. १९२१ साली मुंबई सरकारने मजूर कचेरी स्थापन केली. या कचेरीने १९२१-२२ मध्ये कामगारांच्या २,४७३ कुटुंबांचा जमाखर्च घरोघर विचारून टिपून घेतला आणि १९२३ साली त्याचा अहवाल फिंडले शिरास यांनी प्रसिद्ध केला.

त्या अहवालात कुटुंबाची सरासरी मासिक मिळकत ५२ रुपये ४ आणे ६ पै एवढी दिली आहे. खर्चाच्या दर शंभर रुपयांपैकी ५६.८ रुपये अन्नावर, ९.६ कपड्यांवर, ७.७ घरभाड्यावर आणि ७.४ सरपण व दिवाबत्तीवर जात. उरलेल्या साडेअठरा रुपयांत औषधपाणी, सणवार, प्रवास आणि कर्जाचे व्याज हे सारे बसवावयाचे. शेकडा ९७ कुटुंबे एकाच खोलीत राहत होती. अहवालातील एक वाक्यार्थ तर मन विषण्ण करणारा आहे. तुरुंगाच्या नियमपुस्तकात कैद्याला जेवढे धान्य ठरवून दिले होते, तेवढेही दिवसभर राबणाऱ्या या कामगाराच्या वाट्यास येत नव्हते.

आता यात काटकसर करावयाची ती कोठे? भाडे ठरलेले, व्याज ठरलेले. शेकडा ४७ कुटुंबे कर्जात होती आणि रुपयाला महिना एक आणा हा व्याजाचा दर सर्रास चाले. आपणच हिशेब करून पाहा. वर्षाचे बारा आणे, म्हणजे दरसाल शेकडा ७५! दहा रुपयांच्या कर्जावर वर्षाला साडेसात रुपये नुसते व्याज, आणि मुद्दल जागच्या जागी. त्यातच महिन्याचा पगार पुढील महिना बराच सरल्यावर हाती पडे. तोवर वाण्याची उधारी चाले. आणि उधारीवर माल घेणाऱ्या बाईला भावाची घासाघीस करण्याची सोय कोठून असणार? पगार वेळेवर देण्याचे बंधन घालणारा कायदा १९३६ साली झाला. गावी म्हातारी माणसे असत, त्यांची मनिऑर्डरही चुकवून चालत नसे. मग कमी करण्यासारखे एकच खाते उरे, ते म्हणजे ताटातले अन्न. ‘सरासरी कुटुंब’ म्हणून जो आकडा छापला जातो, त्यात घरात शेवटी कोण जेवले हे दिसत नाही. ते कोणाला सांगावयास नको.

१९३२-३३ मध्ये पुन्हा अशी पाहणी झाली. मंदीमुळे धान्य स्वस्त झाले होते, म्हणून अन्नाचा वाटा शेकडा ४६.६ पर्यंत उतरला. परंतु भाड्याचा वाटा १२.८ पर्यंत चढला. मुंबईत एका हाताने मिळालेले दुसऱ्या हाताने जाते, हा अनुभव तेव्हापासूनचा आहे.

या दुसऱ्या पाहणीवरून जिनसांची यादी ठरली, जुलै १९३३ ते जून १९३४ या वर्षाचे भाव शंभर धरले गेले आणि राहणीच्या खर्चाचा निर्देशांक दरमहा काढला जाऊ लागला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गिरणी कामगारांचा महागाई भत्ता या निर्देशांकाला जोडला गेला. म्हणजे काय झाले ते नीट ध्यानात घ्या. बायकांनी तोंडी सांगितलेल्या तांदूळ, डाळ, तेल, लुगडे यांच्या हिशेबावर हजारो घरांचा पगार हलू लागला. यादीत चूक म्हणजे पगारात घट! १९६३ साली मुंबईच्या कामगारांनी नेमकी हीच तक्रार केली की निर्देशांक खऱ्या महागाईच्या मागे पडतो आहे. ऑगस्टमध्ये मोठा संप झाला, प्रा. लकडावाला यांची समिती नेमली गेली आणि निर्देशांकात दुरुस्ती करावी लागली. बाजारातून पिशवी घेऊन येणाऱ्या गृहिणीस जे आधीच ठाऊक होते, ते कागदावर यावयास संप करावा लागला.

पुढे स्त्रियांनी हा हिशेब स्वतःच रस्त्यावर आणला. १९७२ साली मुंबईत महागाई प्रतिकार महिला संयुक्त समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या निरनिराळ्या पक्षांतील स्त्रिया तीत एकत्र आल्या. लाटणी हाती घेऊन मोर्चे निघाले, थाळ्या वाजल्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका सावकाराच्या व्याजात बुडालेल्या होत्या. त्यांना राष्ट्रीयीकृत बँकांकडून कर्जे मिळू लागली. ज्या व्याजाची नोंद १९२३ च्या अहवालाने केली होती, त्याचा फास सोडविण्याचे काम पन्नास वर्षांनी बायकांनीच हाती घेतले.

भगिनींनो, घरचा जमाखर्च ही चार भिंतींतली गोष्ट नव्हे, हे एवढ्यावरून पटावे. आज पगार थेट बँकेत जातो, हप्ते आपोआप कापले जातात आणि खरेदी मोबाईलवर होते. त्यामुळे पैसा कोठे गेला हे कळणे उलट अवघड झाले आहे. म्हणून प्रत्येकीने वही ठेवावी. तीत भाडे, हप्ते, औषधे, मुलांची फी लिहावीच. पण कोणत्या महिन्यात स्वतःचे दूध, फळ वा चष्मा पुढे ढकलला, तेही लिहावे. ती ओळ कोणत्याच सरकारी यादीत नसते. आणि घरात सासूची, आजीची जुनी वही सापडली तर रद्दीत घालू नका. ती मंडळाच्या कपाटात आणून ठेवा.