ग्रामीण ख्रिस्तमंदिरांच्या कालनिर्णयाचें एक साधन

जुन्नरच्या लेण्यांत इरिल नामक यवनानें दोन टाकीं दिल्याचा व चिट नामक यवनानें भोजनमंडप दिल्याचा लेख खडकावर कोरलेला आहे. याच जुन्नरास चर्च मिशनरी सोसायटीनें १८४६ च्या सुमारास आपलें ठाणें घातलें. अशा ठाण्यांच्या आश्रयानें उभ्या राहिलेल्या लहान प्रॉटेस्टंट मंदिरांवर जेथें शिलालेख नाहीं, तेथें त्यांचा काळ कागदांवरूनच ठरवावा लागतो.

मंडळीची स्थापना व मंदिराची बांधणी या दोन निराळ्या गोष्टी होत. आरंभीं उपासना बंगल्यांत किंवा शाळेंतहि चाले. म्हणून मंडळीचा सन मंदिरास लावणें युक्त नाहीं.

या कामीं विवाहाच्या नोंदवहीचा उपयोग होतो. १८७२ च्या ख्रिस्ती विवाहाच्या कायद्याचें ११ वें कलम असें कीं, पांच मैलांच्या आंत चर्च ऑफ इंग्लंडच्या पद्धतीनें उपासना होणारें मंदिर असल्यास त्या पंथाच्या पाळकानें विशेष परवान्यावांचून अन्यत्र विवाह लावूं नये. विवाह कोठें लागला हेंहि नोंदींत लिहिलें जाई. तेव्हां एकाच गांवचे विवाह अमुक सालापर्यंत बंगल्यांत व पुढें मंदिरांत लागलेले दिसले, तर बांधणी त्या संधींत झाली असें अनुमान निघतें. परवान्याचा अपवाद असल्यामुळें हा पुरावा सूचक समजावा, निर्णायक नव्हे.

मुंबई इलाख्यांतील अशा कित्येक नोंदींच्या १९४८ पर्यंतच्या नकला लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहेत. सोसायटीचा पत्रव्यवहार बर्मिंगहॅम विद्यापीठांत आहे. परंतु तो आवाज मिशनचा. गवंड्यासुतारांची मजुरी, घरोघरची वर्गणी, यांचे मराठी जमाखर्च कोठें शिल्लक असतील तर ते येथेंच, एखाद्या जुन्या पेटींत. ते गेले तर मंदिर बांधणाऱ्यांचीं नांवें त्यांच्याबरोबर जातील.

दगडाचा भरंवसा धरूं नये. घोडनदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयांत जुनें आंबेगांव बुडालें. तालुक्याला नांव तेवढें उरलें. यास्तव संग्राहकांस आमची विनंती कीं, अशा वह्या आढळल्यास मूळ त्या त्या मंडळीकडेच राहूं द्यावें, मात्र त्याची अक्षरशः नकल अवश्य करून ठेवावी.