लाल गोळीचा काळा रंग

परभणीहून जिंतूरकडे जाताना बोरी लागतं. आज तिथल्या एखाद्याच्या पाठीवर बधिर चट्टा दिसला, तर आशा कार्यकर्ती त्याला सरकारी दवाखान्याची वाट दाखवते आणि औषधाचं पाकीट फुकट हातात पडतं. शंभर वर्षांपूर्वी हा मुलूख निजामाचा होता. त्या राज्यात कुष्ठरोगावर उपचारांचं मोठं ठिकाण म्हणजे निजामाबादजवळचं डिचपल्ली. इझाबेल आणि जॉर्ज केर या मेथडिस्ट मिशनरी दांपत्याने १९१५ साली तिथे रुग्णालय उभं केलं. परभणी स्टेशनातून जाणारी मनमाड–काचीगुडा मीटरगेज लाइन डिचपल्लीवरूनच पुढे जायची. ज्याला गाडीत बसू दिलं जाई, त्याला वाट होती.

तिथे मिळायचं ते चौलमुग्रा तेल, म्हणजे कडू कवठाच्या जातीच्या झाडांच्या बियांचं जाड तेल. पोटात घेतलं तर मळमळ, सुईने टोचलं तर ठणका, आणि गुण बेताचाच. विदर्भातही वेगळं काही नव्हतं. विनोबांच्या प्रेरणेने मनोहर दिवाणांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केलं. पुढे सेवाग्रामला गांधीजी कुष्ठरोग झालेल्या परचुरेशास्त्रींच्या अंगाला स्वतः मालीश करत. शुश्रूषा होती, माया होती; रोगजंतू मारणारं औषध नव्हतं.

ते दुसऱ्या महायुद्धानंतर आलं. डॅप्सोन ही साधी पांढरी गोळी, किंमत जवळजवळ नाहीच. गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानच्या डॉ. वर्देकरांनी तिच्या जोरावर गावोगाव फिरून रुग्ण शोधायचे, लोकांना समजावायचं आणि घरीच औषध द्यायचं, अशी पद्धत बसवली. १९५५ साली देशव्यापी नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. या गोळीने अंगावर रंग चढत नसे. पण ती वर्षानुवर्षं, कित्येकांना जन्मभर घ्यावी लागे, आणि एकटीच दिल्याने जंतू तिला सरावले. १९६४ साली मलेशियात ते सिद्धही झालं. मग एकाऐवजी अनेक औषधं एकत्र देण्याचा मार्ग निघाला आणि त्या बहुविध उपचाराचा भारतातला आरंभ १९८१ साली वर्धा जिल्ह्यात झाला.

या पाकिटात डॅप्सोनसोबत दोन नवी औषधं होती. रिफॅम्पिसिनने लघवी तांबडी होते, पण ती दिवसभरात पूर्ववत होते आणि दुसऱ्या कुणाला दिसत नाही. खरा प्रश्न क्लोफाझिमिनचा होता.

क्लोफाझिमिन हा मुळात रंगच. डब्लिनमध्ये व्हिन्सेंट बॅरी आणि त्यांचे सहकारी क्षयावर औषध शोधत होते. १९५४ साली त्यांनी हे लालभडक संयुग तयार केलं आणि त्याला बी ६६३ असं नाव दिलं. क्षयाच्या रुग्णांत ते फिकं पडलं. पुढे नायजेरियात १९६२च्या सुमारास ते कुष्ठरोगावर लागू पडतं असं दिसलं. हे औषध चरबीत विरघळतं आणि पेशींमध्ये स्फटिकांच्या रूपात साचून राहतं. शरीरातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायलाच सुमारे ७० दिवस लागतात. त्यामुळे रोज ५० मिलिग्रॅम आणि महिन्यातून एकदा ३०० मिलिग्रॅम एवढा मोजका डोसही महिन्यामागून महिने साठत जातो. कातडी आधी तांबूस होते, मग तपकिरी, मग काळपट. चट्टे असतात तिथे रंग जास्त गडद. डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर, घामात, अश्रूंतही छटा उतरते. त्यात कातडी कोरडी पडून मासोळीच्या खवल्यांसारखी दिसू लागते.

डॉक्टरांच्या लेखी ही किरकोळ गोष्ट होती. रोग बरा होतोय, हातापायांची झड थांबतेय, मग रंगाचं काय घेऊन बसायचं? रुग्णाचा हिशेब निराळा होता. चट्टा पाठीवर असेल तर तो सदऱ्याखाली झाकता येतो. काळवंडलेला चेहरा कशाखाली झाकणार? मुलीचं लग्न ठरायचं असेल, सून नांदत असेल, तर ज्या औषधाने रोग जायचा तेच औषध रोगाची दवंडी पिटायचं. पाकीट घरी न्यायचं आणि त्यातली लाल गोळी तेवढी बाजूला काढायची, ही तक्रार कुष्ठरोगाच्या कार्यकर्त्यांना जुनी आहे.

हा रंग पूर्णपणे टाळणं जमलं नाही. जमलं ते तीन बाजूंनी. पहिली बाजू मुदतीची: जास्त जंतू असलेल्या रुग्णांचा उपचार आधी २४ महिन्यांचा होता, तो १९९७ नंतर १२ महिन्यांवर आला. साहजिकच साचणारा रंगही घटला. दुसरी बाजू साधी, पण खेड्यात पाळायला अवघड. ऊन लागलं की रंग गडद होतो, म्हणून अंग झाकायचं आणि कोरड्या कातडीला रोज तेल लावायचं. भर उन्हात निंदणी-वेचणी करणाऱ्या बाईला हे सांगणं सोपं, पाळणं कठीण. तिसरी बाजू बोलण्याची. गोळी बंद झाल्यावर काही महिन्यांत रंग फिकट होऊ लागतो आणि बहुतेकांचा वर्ष-दोन वर्षांत उतरतो. हे पहिल्याच दिवशी ज्याला सांगितलं, तो अर्ध्यावर गोळी सोडत नाही. माझ्या मते सर्वांत स्वस्त उपाय हाच, आणि सर्वांत जास्त राहून जातो तोही हाच.

रंगामुळे क्लोफाझिमिन घ्यायला साफ नकार देणाऱ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने १९९७ साली पर्याय सुचवला: रिफॅम्पिसिन, ऑफ्लॉक्सासिन आणि मिनोसायक्लिन, महिन्यातून एकदा, २४ महिने. यात गंमत अशी, की मिनोसायक्लिन हेही रंग सोडणाऱ्या घराण्यातलंच. मुरुमांसाठी किंवा सांधेदुखीसाठी ते रोज आणि वर्षानुवर्षं घेतलं, तर जुन्या जखमांच्या वणांवर, नडगीवर, हिरड्यांवर निळसर-करडी छटा येते. मोठ्या माणसांच्या पुऱ्या वाढलेल्या दातांवरही येते. महिन्यातून एक गोळी असेल तर हे भय फारसं राहत नाही. फरक औषधाचा कमी, साचण्याचा जास्त.

या टेट्रासायक्लिन घराण्याचा मूळ पुरुष ऑरिओमायसिन. लेडर्ली कंपनीत आंध्रचे येल्लाप्रगडा सुब्बाराव संशोधनाचे प्रमुख असताना बेंजामिन डग्गर यांना मिझुरीच्या मातीतल्या सोनेरी जंतूत ते सापडलं. १९४८ साली ते जगापुढे आलं आणि त्याच ऑगस्टमध्ये सुब्बाराव गेले. टेट्रासायक्लिनं स्वस्त होत गेली आणि तान्ह्या पोरांनाही ती गोड औषधात मिळू लागली.

बॉस्टनमध्ये सिस्टिक फायब्रोसिस या आजाराच्या मुलांना ती दीर्घकाळ दिली जात. १९५६ साली तिथून पहिली नोंद आली: मुलांचे दात पिवळे येताहेत. टेट्रासायक्लिन कॅल्शियमला घट्ट धरतं. हिरडीत दात घडत असताना ते रक्तात असलं, की दाताच्या आत कायमचं बसतं. झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे पट्टे उमटतात; कोणत्या वयात औषध दिलं ते त्यांवरून ओळखता येतं. आधी पिवळा असलेला हा रंग उजेडाने तपकिरी-करडा होतो, म्हणून पुढचे दात आधी काळवंडतात. घासून तो जात नाही. मिश्रीचा किंवा तंबाखूचा डाग दंतवैद्य खरवडून काढू शकतो, हा नाही. नांदेड, यवतमाळ, चंद्रपूरच्या काही भागांत बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडनेही दात चट्टेरी होतात. पण टेट्रासायक्लिनचे पट्टे अतिनील प्रकाशात पिवळे चमकतात, फ्लोराइडचे डाग तसे चमकत नाहीत.

इथे प्रतिबंध मात्र सोपा निघाला: गर्भारपणात चौथ्या महिन्यापासून पुढे आणि मुलाला आठ वर्षं होईपर्यंत हे औषध द्यायचं नाही. टेट्रासायक्लिनची तोंडावाटे घ्यायची पातळ औषधं भारतात बंदीच्या सरकारी यादीत गेली.

मग भीती दुसऱ्या टोकाला गेली. याच घराण्यातलं डॉक्सिसायक्लिन कॅल्शियमला बरंच कमी धरतं, तरी ते लहान मुलांना द्यायला डॉक्टर कचरत. स्क्रब टायफस या तापाच्या आजारात ही कुचराई जिवावर बेतू शकते. २०१८ साली नागपुरात आणि विदर्भात त्याची साथ आली, तेव्हा प्रश्न दातांचा नव्हता. त्याच वर्षी अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २१ दिवसांपर्यंतचं डॉक्सिसायक्लिन कोणत्याही वयात द्यायला हरकत नाही असं म्हटलं.

क्लोफाझिमिनचा प्रश्न मात्र मिटायच्या बेतात नाही. पूर्वी कमी चट्टे असलेल्या रुग्णांना दोनच औषधं मिळत, त्यांत ते नसे. एप्रिल २०२५पासून भारताने अशा रुग्णांनाही तीन औषधांचा, सहा महिन्यांचा उपचार ठरवला आहे. म्हणजे लाल गोळी आता प्रत्येकाच्या पाकिटात येणार. बोरीतल्या असोत की बोरिवलीतल्या, ज्यांच्या घरी हे पाकीट आलं असेल त्यांनी रंग बदलला म्हणून गोळी सोडू नये. उन्हात अंग झाकावं, तेल लावावं, आणि पाकीट देणाऱ्याने रंगाविषयी काही सांगितलं नसेल, तर त्याला थांबवून विचारावं.