सोयाबीनच्या मुळांवरील गाठी आणि नत्राचे गणित

वाशिम जिल्ह्यात खरिपाचे मुख्य पीक सोयाबीन. पेरणीनंतर महिना-सव्वा महिन्याने त्याचे रोप ओल्या मातीतून अलगद उपटून पाहिल्यास मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतात. हा रोग नव्हे. रायझोबियम गटातील जिवाणूंची ती वसाहत होय.

हवेत सुमारे ७८ टक्के नत्र असले तरी पिकांना ते थेट घेता येत नाही. सोयाबीनची मुळे जमिनीत फ्लॅव्होनॉइड नावाची द्रव्ये सोडतात. ती ओळखून जिवाणू रासायनिक संकेत देतात. त्यामुळे मूळरोम वळतो आणि जिवाणूंना आत वाट मिळते. गाठीत ते हवेतील नत्राचे अमोनियात रूपांतर करतात, तर पीक त्यांना अन्न पुरवते. हे सहजीवन हेलरीगेल व विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८०च्या दशकात सिद्ध केले. १८८८ मध्ये डच शास्त्रज्ञ बायेरिंक यांनी हे जिवाणू वेगळे काढले.

मात्र सर्व कडधान्यांना एकच जिवाणू चालत नाही. सोयाबीनला ब्रेडीरायझोबियम जपोनिकम लागतो. हरभऱ्याचे संवर्धन त्याच्या उपयोगाचे नाही. म्हणून पेरणीपूर्वी दहा किलो बियाण्यास सोयाबीनचे २५० ग्रॅम संवर्धन चोळण्याची शिफारस केली जाते. बुरशीनाशक आधी, संवर्धन शेवटी, हा क्रम महत्त्वाचा. बियाणे सावलीत सुकवून लगेच पेरावे. कडक उन्हात जिवाणू मरतात.

गाठी कामाच्या आहेत की नाही, हे शेतातच कळते. गाठ कापल्यावर आतून गुलाबी दिसली, तर नत्र स्थिर होत आहे. हा रंग लेगहिमोग्लोबिन या द्रव्याचा असतो. आतून पांढरी किंवा हिरवट गाठ निष्क्रिय समजावी. युरियाचा मारा केल्यास पीक गाठी कमी धरते. भारी काळ्या जमिनीत पाणी साचले, तर प्राणवायूअभावी गाठींचे काम मंदावते.

सोयाबीन घेतले की जमीन आपोआप सुपीक होते, हा समज मात्र अर्धाच खरा आहे. पिकातील बहुतांश नत्र दाण्यांबरोबर बाजारात जाते. जमिनीला उरतात ती मुळे, गळलेली पाने आणि मळणीनंतरचे कुटार. तेही पेटवून दिले, तर जिवाणूंनी मिळवलेल्या नत्राचा उरलासुरला वाटाही धुरात जातो.