हिंगोलीची माती आणि कोरिंगचें खाजण

समुद्र ज्यांनीं कधीं पाहिला नाहीं अशीं कितीतरी माणसें हिंगोलीच्या मुलखांत आढळतील. तेथील माती मात्र युगानुयुगें समुद्राची वाट चालत आली आहे. कयाधू पैनगंगेस मिळते, पैनगंगा वर्धेस, वर्धा प्राणहितेस. आणि अखेर गोदावरीच्या गौतमी शाखेबरोबर हा काळा गाळ काकीनाड्याजवळच्या कोरिंग येथील खाजणांत विसावतो.

कोरिंग हें एकेकाळीं जहाजें बांधणारें गजबजलेलें बंदर होतें. गाळानें त्याचें तोंड बुजत गेलें आणि १८३९ च्या नोव्हेंबरांतील वादळानें उरलेंसुरलें वैभव धुऊन नेलें. व्यापार काकीनाड्यास गेला. तिवरांचें रान तेवढें राहिलें.

दख्खनच्या काळ्या पाषाणाची ही माती. तिजबरोबर लोखंड, तांबें, जस्त हीं आलींच. खाजणाच्या चिखलांत प्राणवायु जवळजवळ नसतो. भरतीच्या पाण्यांतील क्षारांपासून तेथें सूक्ष्म जंतु गंधकाचीं संयुगें बनवितात (नासक्या अंड्यासारखा जो वास येतो तो त्यांचाच) आणि तीं धातूंना जखडून ठेवतात. तिवराची रीत नेमकी उलट. चिखलाबाहेर काढलेल्या मुळांनीं तें हवा आंत घेतें व त्यांतील थोडी खालच्या मुळांवाटे चिखलांत झिरपते. तिच्या योगानें लोखंडास गंज चढतो, मुळांभोंवतीं तांबूस लेप बसतो, आणि सुटें झालेलें तांबें, जस्त त्याला चिकटतें. एकाच झाडाखालीं दोन कुलपें, आणि दोहोंची किल्ली निराळी! तथापि झाड धातूंचा नायनाट करतें असें कोणीं समजूं नये. तें त्यांना केवळ अडवून धरतें.

१९९० च्या सुमारास गोदावरीच्या मुखाशीं कोळंबीचीं तळीं खणण्याची लाट आली. असा चिखल उकरून वाळला कीं गंधकाचें आम्ल बनतें आणि कोंडलेले धातु पाण्यांत सुटतात. १९९६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें किनाऱ्यावरील अशा तळ्यांस आवर घातला. कोरिंगचें रान तर १९७८ पासून अभयारण्य आहे. परंतु कायद्याला गाळ आणतां येत नाहीं. औंढ्याच्या बाजूस पूर्णेवर सिद्धेश्वर, पैनगंगेवर इसापूर, वरच्या अंगास जायकवाडी, अशीं धरणें होत गेलीं. १९७० नंतरच्या दशकांत गोदावरी वर्षाकाठीं सुमारें १५ कोटी टन गाळ समुद्राकडे नेत असे. १९९० नंतरच्या दशकांत तो ६ कोटींच्या आंत आला. धरणांनीं मराठवाड्याची तहान भागविली, हें कोण नाकारील? पण मुखाजवळचा किनारा समुद्र कुरतडूं लागला आणि तिवरांच्या मुळांखालची जमीन निसटूं लागली. तिची भर घालणारी माती सिद्धेश्वर आणि इसापूरच्या जलाशयांत तळाशीं बसली आहे.